वायंगणकर सरांचं ‘काही नाही’

मंडळी, पूर्वरंग संपला. हार घालून झाला, बुक्का लागला, मागच्या खांबापाशी दोघांनी जांभयाही देऊन घेतल्या. हरकत नाही. आता मात्र सावरून बसा, कारण मघाशी मी एक प्रश्न तुमच्यापुढे ठेवला आणि उत्तर न देता पुढे सटकलो! प्रश्न असा — माणूस आपला दोष काढून टाकतो. मनापासून काढतो. दुसऱ्याची मदत घेतो, वेळ घालवतो, सगळं करतो. आणि आठ दिवसांनी तोच दोष पुन्हा घरात हजर! का हो? काढणारा कमी पडला? की देवाची कृपा आटली?

समोरच्या काकू म्हणतायत, संगत वाईट. पेटीवाले म्हणतायत, नशीब. पेटीवाल्यांचं काय, त्यांचा सूर चुकला तरी ते नशीबच म्हणतात.

याचं उत्तर आज पोथीतून देत नाही. देवरुखातल्या एका घरातून देतो. या आख्यानात राक्षस नाही, शाप नाही, आकाशवाणी नाही. एक कॉम्प्युटर आहे. हसू नका! ऐका.

देवरुखात वायंगणकर सर म्हणून एक गृहस्थ. हायस्कुलात चौतीस वर्षं गणित शिकवलं. वय एकाहत्तर, अंगाने काटकुळे, शर्टाचं वरचं बटण कायम लावलेलं. गावात त्यांची ख्याती एकच — सरांच्या समोर कॉपी नाही. परीक्षेला सर पर्यवेक्षक आहेत असं कळलं की पोरं घरीच खिसे उलटे करून यायची. सर म्हणायचे, चुकलेलं उत्तर मला चालतं, दुसऱ्याचं उत्तर चालत नाही. हे वाक्य गावात इतकं मुरलं होतं, की भाजीवालीसुद्धा हिशेब चुकला की म्हणायची, चुकलेलं चालतं ना सरांना!

निवृत्तीनंतर माणूस काय करतो? पेपर वाचतो आणि बायकोच्या स्वयंपाकात लक्ष घालतो. सरांच्या पत्नी मनोरमाबाई दुसऱ्या गोष्टीला अगदी कंटाळल्या होत्या. अशात वाचनालयाच्या एका कार्यक्रमात सर गेले आणि तिथे त्यांनी नमिता बाईतचं बोलणं ऐकलं.

ही नमिता साखरप्याची. जन्मापासून दृष्टी नाही. आईबरोबर राहते आणि वकिलीच्या शेवटच्या वर्षाला आहे. ती म्हणाली, माझ्या कॉम्प्युटरमध्ये एक आवाज आहे. टाइप केलेला मजकूर असला की तो मला खडाखडा वाचून दाखवतो. पण कायद्याची मराठी पुस्तकं छापील, जुनी. पानांचे फोटो काढून वाचायला दिले तर जोडाक्षरांचा असा चिवडा करतो, की फिर्यादी कोण आणि आरोपी कोण तेच कळत नाही! लोक हसले. तीही हसली. मग म्हणाली, “पुस्तक हातात असतं, वास येतो, पानं मोजता येतात. फक्त वाचता येत नाही.”

सर घरी आले ते ठरवूनच. पुराव्याच्या कायद्याचं पुस्तक आपण टाइप करून द्यायचं. मुलगी पुण्याला गेली तेव्हा तिचा कॉम्प्युटर इथेच राहिला होता, त्यावरचं फडकं काढलं. रोज सकाळी चहा झाला की दोन तास टाइप करायचं. प्रकरण पूर्ण झालं की ते पेनड्राइव्हमध्ये भरायचं. आजी, पेनड्राइव्ह म्हणजे मजकूर साठवायची बोटाएवढी डबी. ती डबी पाकिटात घालून साखरप्याच्या एसटीच्या कंडक्टरकडे द्यायची. नमिताची आई स्टॉपवर उभी! सरांना इतकं बरं वाटायला लागलं, की त्यांनी भाजीच्या फोडणीवर बोलणं सोडून दिलं. मनोरमाबाईंनी देवापुढे साखर ठेवली.

आता अडचण कुठे आली? बोटांत. सरांनी शाळेचे पेपर वीस वर्षं मराठी टाइपरायटरवर काढलेले. कुठलं अक्षर कुठे, हे बोटांना पाठ. कॉम्प्युटरवर सगळी अक्षरं भलत्याच जागी! तेव्हा त्यांनी एक प्रोग्रॅम शोधला, ज्यात जुन्या टाइपरायटरसारखंच टाइप करता येतं. महिनाभर तो वापरून बघायला मिळाला. महिना संपला आणि पडद्यावर पाटी आली — विकत घ्या आणि क्रमांक भरा.

घ्यायचा की नाही विकत? सरांना ते काही जड नव्हतं. पण मुलीला फोन करा, कार्डाचा नंबर घाला, तो नीट उमटला की नाही बघा... कंटाळा! आणि शोधता शोधता इंटरनेटवर एक पान निघालं. हाच प्रोग्रॅम, कुलूप मोडलेला, फुकट. खाली सूचना होती — बसवण्याआधी कॉम्प्युटरचा व्हायरस रोखणारा पहारा बंद ठेवा.

मंडळी, जरा थांबा. चोर दारात येतो आणि म्हणतो, आधी तुमचा कुत्रा बांधा. आपण विचारू ना, का रे बाबा? सरांनी नाही विचारलं. कुत्रा बांधला, दार उघडलं.

मात्र एक गोष्ट त्यांनी केली. शेवटचं बटण दाबण्याआधी मागे वळून बघितलं, मनोरमाबाई स्वयंपाकघरातच आहेत ना. लक्षात घ्या! ज्याला मागे वळून बघावंसं वाटतं, त्याला बरोबर काय नि चूक काय हे दुसऱ्या कुणी सांगावं लागत नाही. मन म्हणालं, हे काही स्वतःसाठी नाही, एका आंधळ्या मुलीसाठी आहे. मन म्हणजे मोठा हुशार वकील, त्याला सनद लागत नाही. पुन्हा लागला तर हाताशी असावा म्हणून तो प्रोग्रॅम एका जुन्या पेनड्राइव्हवर ठेवला आणि कपाटातल्या बटणांच्या डब्यात तळाशी घातला.

आठवडा छान गेला. मग एका सकाळी सरांनी कॉम्प्युटर लावला, तर टाइप केलेली सगळी प्रकरणं गायब! त्यांच्या जागी त्याच नावांची चित्रं, प्रत्येकाच्या कोपऱ्यात एक छोटा बाण. त्यावर टिचकी मारली की पुस्तक उघडायच्या ऐवजी जुगाराची जाहिरात. सरांनी बंद केली. दोन उघडल्या.

हा व्हायरस. म्हणजे काय? कुणा लबाडाने लिहून ठेवलेली हुकमांची यादी. हे लपव, ते उघड, आणि जी डबी या कॉम्प्युटरला लागेल तिच्यातही शिर.

आता जायचं कुणाकडे? गावात हे काम नीट करणारा एकच — बसस्टँडसमोरचा फिरोज मुकादम. आणि इथेच सरांचा पाय अडला. कारण एकवीस वर्षांपूर्वी, दहावीच्या भूमितीच्या पेपरला, याच फिरोजला सरांनी चिठ्ठीसह पकडलं होतं. त्याचं वर्ष गेलं. त्याचे वडील सरांच्या घरी येऊन रडले होते. सरांनी त्यांना पाणी दिलं, पण शब्द फिरवला नाही. फिरोजने पुढच्या वर्षी पुन्हा परीक्षा दिली, शिकला, दुकान टाकलं. रस्त्यात भेटला तर नमस्कार करायचा. त्यापुढे मात्र दोघांत कधी बोलणं झालं नाही.

अशा माणसाकडे हा कॉम्प्युटर न्यायचा! तर सरांनी काय करावं? नेण्याआधी तो चोरीचा प्रोग्रॅम काढून टाकला. पाहुणे यायच्या आधी आपण पसारा पलंगाखाली ढकलतो ना, तसा. मग रिक्षात घालून कॉम्प्युटर दुकानात.

फिरोजने नीट बघितलं. म्हणाला, असा व्हायरस आपणहून येत नाही, कुणीतरी आणावा लागतो. आणि साधा प्रश्न विचारला, “सर, नेटवरून काही उतरवलंत? कुणाची पेनड्राइव्ह लावलीत?”

सर म्हणाले, “काही नाही.”

दोन शब्द, मंडळी. चौतीस वर्षं ज्यांनी मुलांच्या तोंडून हे दोन शब्द ऐकले आणि एकदाही विश्वास ठेवला नाही, त्यांच्या तोंडून!

फिरोजने विश्वास ठेवला. दोन दिवस बसून त्याने सगळी घाण काढली. लपवलेली प्रकरणं शोधून एकेक वर आणली. कॉम्प्युटर चकचकीत करून घरी पोचवला. सरांनी आभार मानले, दार लावलं, बटणांचा डबा काढला आणि तो प्रोग्रॅम पुन्हा बसवला. का? बोटांना दुसरं काही येत नव्हतं आणि नमिताची परीक्षा जवळ येत होती.

आठ दिवसांत बाण परत. पुन्हा प्रोग्रॅम काढला, पुन्हा दुकान. पुन्हा तोच प्रश्न, पुन्हा तेच उत्तर. या वेळी फिरोज स्वतः घरी आला. नेटची पेटी तपासली, वायरी तपासल्या, मनोरमाबाईंचा फोनसुद्धा तपासला. सर बाजूला खुर्चीवर बसून बघत होते. तो खाली वाकून टेबलामागची वायर काढत होता, तेव्हा सरांच्या ओठांवर खरं आलं होतं. पण मनोरमाबाई पोहे घेऊन आल्या आणि ते परत गिळलं गेलं. पोह्यांचा दोष नाही. निमित्त हवं असलं की पोहेही पुरतात.

तिसऱ्यांदा झालं तेव्हा फिरोजने टोकाचा उपाय केला. सगळी प्रकरणं तपासून स्वतःकडे बाजूला ठेवली, कॉम्प्युटर पार पुसून कोरा केला आणि सगळं नव्याने भरलं. घरी आणून देताना त्याचा चेहरा उतरलेला होता. म्हणाला, सर, माझंच कुठेतरी चुकतंय, मला कळत नाहीये कुठे.

आणि गावात काय झालं? तीनदा दुरुस्त केलेला कॉम्प्युटर तीनदा बिघडला, ही बातमी पसरली. हायस्कुलातल्या वीस कॉम्प्युटरांची देखभाल फिरोजला मिळायची होती. मुख्याध्यापकांनी ती थांबवली. सरांच्या एका जुन्या सहकाऱ्यानेच हे सरांना सांगितलं, वर म्हणाला, मुलगा मुळातच कच्चा, तुम्हाला तर माहीतच आहे. सर गप्प राहिले. मनोरमाबाई म्हणाल्या, आता रत्नागिरीला न्या, याच्या हाताला यश नाही. सर तेव्हाही गप्प राहिले.

मंडळी, खोटं बोलणं एक वेळ सोपं. पण आपल्या खोट्याची शिक्षा दुसरा भोगतोय हे बघत चहा पिणं... सरांना चहा जाईना. वजन कमी झालं. मनोरमाबाईंना वाटलं, पित्त.

आता तुम्ही म्हणाल, तिसऱ्या वेळी तरी त्यांना कळलं असेल की! कळलं होतं. पहिल्यांदा नाही, दुसऱ्यांदा शंका आली, तिसऱ्यांदा खात्री होती. दोन दिवस त्यांनी डब्याला हात लावला नाही. नव्या जागची अक्षरं शोधत एका तासात चार ओळी झाल्या. परीक्षेला पाच आठवडे उरले होते. सर स्वतःशी म्हणाले, शेवटचं एकदा. परीक्षा झाली की फेकून देतो. ‘शेवटचं एकदा’ हे किती लोकांनी किती वेळा म्हटलंय, हात वर करा बघू. नको, राहू दे, मलाच आधी करावा लागेल.

बसवला. चार दिवसांत नवं प्रकरण झालं. सगळं ठीक दिसत होतं. प्रकरण पेनड्राइव्हमध्ये भरलं, पाकीट कंडक्टरकडे दिलं आणि गाडी साखरप्याला गेली.

तिसऱ्या दिवशी दुपारी फोन वाजला. नमिताची आई घाबऱ्या आवाजात सांगत होती, कॉम्प्युटर बोलत नाही. मग नमिताने फोन घेतला. तिने शांतपणे सांगितलं, की परवा संध्याकाळी पाकिटातली डबी लावली आणि थोड्या वेळाने आवाज थांबला. आईला पडद्यावर काय दिसतं ते विचारलं. आई म्हणते, सगळ्या नावांवर बाण आलाय. वर्षभराची टिपणं त्यातच होती.

डोळस माणसाचा पडदा बिघडला तर तो निदान बिघडलेला पडदा बघतो. तिच्या खोलीत नुसती शांतता होती. दोन दिवस ती त्या शांततेपुढे बसून होती.

आणि मग ती म्हणाली, “मीच काहीतरी चुकीचं दाबलं असेल, सर. तुमची एवढी मेहनत... सॉरी.”

बघतो, एवढंच म्हणून त्यांनी फोन ठेवला. आधी फिरोज म्हणाला होता, माझंच चुकतंय. आता ही म्हणते, माझंच चुकलं. जगात सगळे आपली चूक मान्य करायला तयार आहेत, आणि ज्याची चूक आहे तो एकटा गप्प! सर उठले, डबा उघडला, तळाची ती पेनड्राइव्ह खिशात घातली. मनोरमाबाईंनी विचारलं, एवढ्या उन्हात कुठे? सर म्हणाले, आल्यावर सांगतो. तुलाही सांगायचंय.

दुकानात दोन गिऱ्हाईकं होती. एक ग्रामसेवक आणि एक बाई प्रिंटर घेऊन आलेल्या. फिरोजने सरांना बघितलं आणि त्याचा चेहराच पडला. चौथ्यांदा! त्याने स्टूल पुढे केलं, म्हणाला, बसा सर, एवढं उरकतो.

“उभ्यानेच सांगतो,” सर म्हणाले. “फिरोज, तू मला तीनदा विचारलंस. मी तीनदा खोटं बोललो.”

त्यांनी पेनड्राइव्ह काउंटरवर ठेवली. “यात चोरीचा प्रोग्रॅम आहे. कॉपी आहे. मी उतरवला. तू साफ करून द्यायचास, मी घरी नेऊन पुन्हा घालायचो. आणि तुझ्याकडे आणताना काढून टाकायचो, तुला दिसू नये म्हणून.”

ग्रामसेवक मान खाली घालून आपला फोन बघू लागला. तो बंद होता!

मंडळी, आता फिरोजच्या जागी स्वतःला उभं करा. आयुष्यातलं एक वर्ष गेलंय. वडिलांना रडताना बघितलंय. काल-परवा हातातलं काम गेलंय. आणि ज्यांच्यामुळे हे सगळं झालं ते समोर उभे राहून म्हणतायत, मी कॉपी केली. काय बोलला असतात? एक शब्द पुरला असता. नुसतं ‘कॉपी?’ एवढं विचारलं असतं, तरी सर तिथे कोसळले असते.

फिरोजने स्क्रू-ड्रायव्हर खाली ठेवला. ती पेनड्राइव्ह उचलून हातात फिरवली. मग म्हणाला, “सर, भूमितीच्या पेपरला चिठ्ठी सापडली तेव्हा तुम्ही मला विचारलं होतं, आणखी आहे का. मी म्हटलं होतं, काही नाही. मोज्यात दुसरी होती.”

सरांनी मान वर केली.

“सापडलेल्या चिठ्ठीचं वर्ष गेलं आणि ते निस्तरलं. मोज्यातली मात्र राहून गेली होती. अब्बांनाही सांगितली नाही कधी.”

सर हळूच म्हणाले, “मोजे बघायचं मला सुचलं नाही.”

पहिल्या हसल्या त्या प्रिंटरवाल्या बाई. मग फिरोज. आणि मग सर हसले, हसता हसता चष्मा काढून पुसू लागले. चष्म्यावर काही नव्हतं.

पण थांबा, इथे आरती करू नका! हसून झाल्यावर फिरोज गंभीर झाला. म्हणाला, सर, वीस कॉम्प्युटरांचं काम गेलंय माझं. सर म्हणाले, उद्या सकाळी मुख्याध्यापकांकडे मी जातो. आणि गेले. एकट्या मुख्याध्यापकांना नाही, शिक्षकांच्या खोलीत सगळ्यांसमोर सांगितलं. त्या शिक्षकांत चार जण त्यांचेच जुने विद्यार्थी होते. त्यांना कुठे बघावं कळेना. काम फिरोजला मिळालं.

दुकानात मात्र त्या दुपारी फिरोजने पुढचा प्रश्न विचारला, जो आधी विचारणं त्याला शक्यच नव्हतं — हा व्हायरस आणखी कुठे कुठे गेलाय? सरांनी नमिताचं सांगितलं. फिरोजने दुकानाचं शटर ओढलं, सरांना स्कूटरवर मागे बसवलं आणि दोघं साखरप्याला निघाले. वाटेत त्याने विचारलं, पण एवढा कसला प्रोग्रॅम लागत होता तुम्हाला? सरांनी टाइपरायटरचं सांगितलं. फिरोजने स्कूटर बाजूला घेऊन थांबवली. मागे वळून म्हणाला, “सर, तसं टाइप करायची सोय रीतसर, फुकट मिळते. पहिल्याच दिवशी सांगितलं असतंत, तर पाच मिनिटांचं काम होतं.”

पाच मिनिटं! लपवायला दोन महिने लागले.

नमिताच्या घरी सर तिच्यासमोर बसले आणि काही न गाळता सगळं बोलले. तिने ऐकून घेतलं. फिरोजला वाटलं, ही आता म्हणेल, जाऊ द्या सर. ती तसं म्हणाली नाही.

“मी फोनवर सॉरी म्हणाले, तेव्हा तुम्हाला माहीत होतं?”

“हो.”

“आणि तुम्ही गप्प राहिलात.”

“हो.”

“मला राग आलाय, सर,” नमिता म्हणाली. “तो आज जाणार नाही. पण पुस्तक मला हवंय. उरलेली प्रकरणं कधी देता?”

सर नंतर मनोरमाबाईंना म्हणाले, तिने माफ केलं असतं तर मला घरी येऊन झोप लागली असती. तिने काम दिलं, म्हणून उद्या उठावंसं वाटलं.

फिरोज तिच्या कॉम्प्युटरशी तीन तास झगडला. आता त्याला ठाऊक होतं, हा कुठून आला, कुठे दडतो आणि कशाच्या जोरावर परत उठतो. पेनड्राइव्हमधली मूळ फाइलच हाती होती ना! ती उघडून त्याने बघितलं, तर कॉम्प्युटर सुरू झाला की चुपचाप पुन्हा कामाला लागायचं असा एक हुकूम तिने खोल कोपऱ्यात लिहून ठेवलेला. तो हुकूम काढला. मग लपलेली टिपणं एकेक वर आणली. नमिता दाराशी उभी राहून त्याच्या बोटांचा आवाज ऐकत होती. शेवटी फिरोजने कॉम्प्युटर बंद करून पुन्हा लावला. सगळे श्वास रोखून. आणि कॉम्प्युटर बोलला! काय बोलला? वेद नाही, मंत्र नाही. तो म्हणाला, सात वाजून दहा मिनिटं. नमिताच्या आईने पदर तोंडाला लावला.

परत आल्यावर सरांचाही कॉम्प्युटर साफ झाला, एकदाच आणि कायमचा. रीतसर फुकटची ती टाइप करायची सोय बसवली, पहारा चालू केला. ती पेनड्राइव्ह सरांनी अंगणात दगडावर ठेवून बत्त्याने फोडली. मनोरमाबाई म्हणाल्या, बत्ता धुऊन ठेवा. सगळं ऐकून झाल्यावर त्या एवढंच म्हणाल्या, की ती डबी मला डब्यात कधीच दिसली होती, मला वाटलं जावयांची विसरलेली असेल. म्हणजे बघा, ज्यांच्यापासून लपवली त्यांना ती आधीच दिसलेली!

सगळंच काही परत मिळालं नाही. फिरोजने आधीची प्रकरणं बाजूला ठेवली होती, ती शाबूत राहिली. शेवटचं, चार दिवसांत टाइप केलेलं, ते मात्र पुरतं नासलं. सरांनी ते पुन्हा केलं. सात दिवस लागले. नंतरची दोन प्रकरणंही वेळेत गेली. नमिताने परीक्षा दिली आणि पास झाली. राग केव्हा गेला हे तिने सांगितलं नाही, सरांनी विचारलं नाही. निकालाच्या दिवशी तिचा फोन आला. म्हणाली, सर, आता सनद मिळेल. पुढचं पुस्तक जाड आहे, चालेल ना? आज ती देवरुखच्याच कोर्टात उभी राहते.

आणि सर? बुधवारी आणि शनिवारी दुपारी सर फिरोजच्या दुकानात त्या स्टुलावर बसलेले असतात. गिऱ्हाईक येतं, कॉम्प्युटर ठेवतं. फिरोज विचारतो, काही उतरवलंत का, कशावर टिचकी मारलीत का? गिऱ्हाईक लगेच म्हणतं, काही नाही! मग सर आपलं स्टूल थोडं पुढे घेतात आणि म्हणतात, मी वायंगणकर. गणिताचा मास्तर. मीही असंच म्हटलं होतं. आणि आपली सगळी गोष्ट सांगतात, भर दुकानात, दर वेळी पहिल्यापासून. गोष्ट संपेपर्यंत गिऱ्हाईकाच्या तोंडून खरं बाहेर पडलेलं असतं. फिरोज सांगतो, सर बसायला लागल्यापासून माझं निम्मं काम हलकं झालं.

तर मंडळी, दोष परत का येतो? काढणारा कमी पडत नाही. देवही कमी पडत नाही. आपण त्याला अर्धंच दाखवतो. वैद्यापुढे अर्धं, वकिलापुढे अर्धं, बायकोपुढे पाव! मीच गेल्या महिन्यात डॉक्टरांना सांगितलं, गोड पूर्ण बंद आहे. त्यांनी बिचाऱ्यांनी गोळी बदलून दिली आणि आता ते विचार करतायत, गुण का येत नाही. उद्या सकाळी मी त्यांच्याकडे जाणार आहे. तुम्हीही हसलात ना, म्हणजे तुमचंही कुठेतरी काही राहिलंय.

ते मला सांगू नका. देवालाही आत्ता सांगू नका, त्याला ते आधीच ठाऊक आहे. ज्या माणसाला सांगायला हवं, त्याचा चेहरा आत्ता तुमच्या डोळ्यांसमोर आलाय. हो, तोच. कदाचित इथेच बसलाय, दोन ओळी पुढे. मंडपातून बाहेर पडताना त्याच्याजवळ जा. लांबलचक बोलायची गरज नाही. पहिलं वाक्य तेवढं अवघड असतं.

हात जोडा. देवा, आमचं काय चुकलं ते तू जाणतोसच. ते माणसाच्या तोंडावर सांगायची ताकद दे. आणि आमच्यापुढे कुणी येऊन सांगितलं, तर ऐकून घेण्याइतकं मोठं मन दे.